संवर्धन क्षेत्रातले छोटे सार्वजनिक स्वच्छतागृह: पाडावे की राखावे?

ओसरी
नमस्कार. आम्ही इंग्लंडमधल्या एका लहान खेड्यात राहतो. चर्च, गावची हिरवळ, तिच्या भोवतीची घरे आणि जुनी शाळा असा गावाचा मधला भाग संवर्धन क्षेत्र, म्हणजे इथल्या भाषेत 'कॉन्झर्व्हेशन एरिया', म्हणून घोषित आहे. हिरवळीच्या कोपऱ्यावर १९३०च्या दशकात बांधलेले विटांचे बैठे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. मातीची कौले, दोन टोकांना दोन दारे आणि प्रत्येक दाराच्या माथ्यावर 'पुरुष' किंवा 'स्त्रिया' असे इंग्रजीत कोरलेला घडीव दगड, एवढाच त्याचा थाट. गेली काही वर्षे ते कुलूपबंद आहे.

आता पॅरिश कौन्सिलला ते पाडून तिथे मोटारी उभ्या करण्यासाठी जागा करायची आहे. त्यांच्या टिपणात भिंतींना ओल आहे, दुरुस्ती परवडत नाही आणि बांधकाम वास्तू म्हणून सामान्य आहे, अशी कारणे दिली आहेत. शिवाय इमारत ११५ घनमीटरपेक्षा लहान असल्यामुळे पाडकामाला नियोजन परवानगीची गरजच नाही, असेही त्यात म्हटले आहे.

ते पाडू नये असे मला वाटते. परंतु 'जुने आहे आणि छान दिसते' एवढ्यावर हरकत टिकणार नाही, हेही कळते. अशा प्रसंगातून कोणी गेले असल्यास कशाच्या आधारे बोलावे, ते कृपया सांगावे.

खडूस_काका
ज्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे ते स्वच्छतागृह नसून त्याचे स्मारक आहे. माझे मत पाडण्याच्या बाजूने.

अनभिज्ञ
मी पुण्यातून वाचतो आहे, त्यामुळे प्राथमिक प्रश्न विचारतो. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायत समजायची का? आणि इमारत तिच्याच मालकीची असेल, तर ती पाडायला तिला कोणाला विचारावे का लागते?

कलम_कागद
अनभिज्ञ, ढोबळमानाने ग्रामपंचायत म्हणायला हरकत नाही, परंतु बांधकामाची परवानगी देण्याचा अधिकार पॅरिश कौन्सिलकडे नसतो. तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे किंवा जिथे एकच स्तर आहे तिथे त्या कौन्सिलकडे असतो. पॅरिश कौन्सिल फक्त आपले मत कळवते. इथे ती स्वतःच मालक आहे, म्हणजे परवानगी लागली तर तिलाही इतर कोणत्याही अर्जदारासारखे रांगेत उभे राहावे लागेल.

संवर्धन क्षेत्राची कल्पना १९६७च्या सिव्हिक ॲमेनिटीज ॲक्टने आणली आणि त्याच वर्षी लिंकनशरमधले स्टॅम्फर्ड हे पहिले क्षेत्र घोषित झाले. त्याआधी एकेका इमारतीची यादी करून तिला संरक्षण देण्याची पद्धत होती. नव्या कायद्याने प्रथमच मान्य केले की एखाद्या जागेचे रूप तिथल्या सामान्य इमारती, भिंती, झाडे आणि मोकळ्या जागा मिळून घडवतात. आज इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार क्षेत्रे आहेत. १९९०च्या कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे अशा क्षेत्रात नियोजनाचा निर्णय घेताना त्या क्षेत्राचे स्वरूप किंवा रूप जपण्याकडे अथवा ते उंचावण्याकडे विशेष लक्ष देणे बंधनकारक आहे. म्हणून 'इमारत सामान्य आहे' हे कौन्सिलचे वाक्य खरे असले तरी निर्णायक नाही. ती नसताना हिरवळीचा तो कोपरा कसा दिसेल आणि कसा वापरला जाईल, हा प्रश्न आहे.

पूर्वी पाडकामासाठी वेगळी 'संवर्धन क्षेत्र संमती' घ्यावी लागे. इंग्लंडमध्ये ती ऑक्टोबर २०१३ पासून रद्द झाली आणि तिच्या जागी नियोजन परवानगी आली. परवानगी आवश्यक असताना ती न घेता पाडणे हा फौजदारी गुन्हा आहे. ११५ घनमीटरची सवलत खरी आहे. मात्र ते माप इमारतीच्या बाहेरून घ्यायचे असते. कौन्सिलने ते कसे घेतले, हे आधी विचारा. (त्याच सवलतीला एक मजेदार अपवाद आहे: थडग्यावरची शिळा १९२५ पूर्वीची असेल, तर तिला ही सवलत लागू होत नाही.)

निवांत
थोडक्यात, ११५ घनमीटरच्या आतल्या इमारतीपेक्षा मेलेल्या माणसाचा दगड अधिक सुरक्षित. ओसरीताई, स्वच्छतागृहात कोणी पुरले आहे का, ते एकदा पाहून घ्या.

ओसरी
निवांत, तसे कोणी आढळले नाही. :)

कलम_कागद, तुमचा प्रतिसाद वाचून मी कौन्सिलच्या चिटणीस बाईंकडे मोजमाप मागितले आणि नंतर टेप घेऊन स्वतःही जाऊन आले. टिपणात लांबी ६.८ मीटर, रुंदी ४.२ मीटर आणि उंची २.७ मीटर धरून ७७ घनमीटर असा आकडा काढला आहे. ही आतली मापे आहेत आणि उंची फक्त छतापर्यंतची आहे. भिंती जवळजवळ एक फूट जाडीच्या आहेत. बाहेरून लांबी ७.४ मीटर आणि रुंदी ४.८ मीटर भरते, त्यामुळे वळचणीपर्यंतचे घनफळ सुमारे ९६ होते. वळचणीपासून आढे १.९ मीटर उंच आहे, म्हणजे दुपाखी छपराचे आणखी सुमारे ३४. एकूण जवळपास १३० घनमीटर. हे पत्राने कळवल्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नियोजन अधिकाऱ्यांनी परवानगी लागेल असे सांगितले आणि आता पॅरिशने रीतसर अर्ज केला आहे. हरकती व सूचनांसाठी २१ दिवसांची मुदत आहे.

कलम_कागद
उत्तम. आता निदान चर्चा होईल. ११५ च्या आत असते, तर पाडण्याची पद्धत आणि नंतर जागा कशी ठेवायची एवढ्यापुरतेच प्राधिकरणाला पाहता आले असते. 'पाडावे का' हा प्रश्न उरलाच नसता. खेड्यातल्या सार्वजनिक इमारती बहुधा लहानच असतात. बसथांबे, पंपघरे, वजनकाट्याच्या खोल्या या सगळ्या त्या मर्यादेखालून गुपचूप निघून जातात, आणि गेल्यावरच गावाला त्यांची आठवण होते.

हिशेबनीस
मी दुसऱ्या एका परगण्यातल्या पॅरिश कौन्सिलवर काम करतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. इंग्लंडमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहे पुरवणे हे कोणत्याही स्थानिक संस्थेचे कर्तव्य नाही. १९३६च्या पब्लिक हेल्थ ॲक्टच्या कलम ८७ ने तो केवळ अधिकार दिलेला आहे. जिल्ह्याच्या संस्थांना खर्च झेपेनासा झाला की त्या ही स्वच्छतागृहे पॅरिशच्या गळ्यात घालतात. पॅरिशचे उत्पन्न म्हणजे घरपट्टीवरचा एक छोटा अधिभार, आणि त्यातूनच गवत कापणे, दिवे, दफनभूमी आणि विमा हे सगळे भागवायचे. अशा वेळी नऊ माणसे रात्री एका थंडगार सभागृहात बसून काय सोडावे याचा निर्णय घेतात. त्यांना गावाचा वारसा कळत नाही, असे गृहीत धरून या धाग्यावर बोलले जाते, ते मला पटत नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. खर्चाचे जुने आकडे तपासून घ्यावेत. २०२१च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांना व्यवसायदरात, म्हणजे बिगरनिवासी इमारतींवरच्या करात, पूर्ण सूट मिळाली आहे. तसेच अशा सेवेसाठी केलेल्या दुरुस्तीवरचा २० टक्के मूल्यवर्धित कर पॅरिश कौन्सिलला परत मागता येतो. पुष्कळ टिपणांत हे दोन्ही खर्च अजूनही धरलेले असतात.

पायवाट
हिशेबनीस यांचे पहिले म्हणणे मान्य, तरी सगळे जण विटा आणि कौलांवरच बोलत आहेत याचे नवल वाटते. ती इमारत कशासाठी बांधली होती? वडील इथे येतात तेव्हा कोणत्या गावी फिरायला जायचे, हे आम्ही तिथे उघडे स्वच्छतागृह आहे की नाही यावर ठरवतो. मधुमेह, प्रोस्टेट, आतड्यांचे विकार, गरोदरपण, लहान मुले ही यादी लांबवता येईल, आणि टपाल वाटणारे, बसचालक, घरोघर जाणाऱ्या परिचारिका यांचा दिवस तर रस्त्यावरच जातो. 'समोर पब आहे' हे उत्तर पब उघडा असेपर्यंतच लागू पडते. पाडकामाने गावाची एक सोय कायमची जाते, ही हरकत वारशाच्या हरकतीइतकीच वजनदार आहे.

खडूस_काका
पायवाट, गरज शंभर टक्के मान्य. परंतु गरज स्वच्छतागृहाची आहे, *या* स्वच्छतागृहाची नाही. चाकाच्या खुर्चीला त्या दारातून आत जाता येणार आहे का? १९३०च्या दशकातल्या माणसाने ते स्वतःच्या मापाने बांधले. जुने पाडून तिथेच एक सुटसुटीत, रुंद दाराचे, सहज धुता येणारे बांधा, म्हणजे तुमचे वडीलही सुखी आणि मीही. अर्थात कौन्सिल तिथे मोटारी उभ्या करणार आहे, हे मी पहिल्या वेळी नीट वाचले नव्हते असे समजू नका. त्याला माझाही विरोधच आहे.

निवांत
काकांनी विरोध केला! या धाग्यालाच आता संरक्षित यादीत टाका.

गवंडीकाम
इथे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून ओलीबद्दल लिहितो. 'भिंतींना ओल आहे' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचले आहे की ते छापील नमुन्यात आधीच असावे अशी शंका येते. ओल हा रोग नव्हे, लक्षण आहे. पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय इमारत गेली असे म्हणणे म्हणजे नळ चालू ठेवून मोरी तुंबली म्हणण्यासारखे आहे.

ओसरीताई, पुढच्या वेळी गेलात की पाऊस पडत असताना जा आणि छपराकडे पाहा. वळचणीची पन्हळ पानांनी भरली असेल, तर पाणी तिच्या काठावरून सरळ भिंतीवर उतरते. उभ्या नळाच्या मागे हिरवट काळा पट्टा दिसेल, आणि तिथे नेचे उगवलेले असेल तर गळती जुनी आहे. मग विटांच्या दरजा पाहा. मूळ काम चुन्याचे असेल आणि नंतर कोणी कडक सिमेंटने दरजा भरल्या असतील, तर भिंतीत शिरलेल्या ओलीला दरजांमधून सुकायला वाट मिळत नाही. मग ती विटेतून बाहेर पडते, आणि थंडीत तेच पाणी गोठून विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सिमेंटची दरज जशीच्या तशी पुढे आलेली आणि वीट मागे झिजलेली दिसते. ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. बंद इमारतीत तर उष्णता नाही, हवा खेळत नाही, म्हणजे साधी ओलही दुप्पट भासते.

पन्हळ साफ करणे, दोनचार कौले बसवणे आणि दरजा उकरून चुन्याने भरणे याचा वेगळा अंदाज मागवा. कौन्सिलकडे असलेला आकडा बहुतेक संपूर्ण नूतनीकरणाचा असतो, त्यात फरशीपासून दिव्यांपर्यंत सगळे येते. पाडकामही फुकट होत नाही. टाक्या, छताचे पत्रे, नळांची वेष्टने यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्यामुळे एवढ्या जुन्या इमारतीत पाडण्यापूर्वी त्याचे सर्वेक्षण करावेच लागते. शिवाय मैल्याची वाहिनी रीतसर बंद करावी लागते. हे खर्च टिपणात आहेत का?

उत्तरेकडचा
स्कॉटलंडमधून लिहितो. आमच्याकडे अशा पाडकामाला वेगळी 'संवर्धन क्षेत्र संमती' अजूनही लागते, त्यामुळे नियम वाचताना तो कोणत्या देशाचा आहे हे सर्वांनी पाहावे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांची सरमिसळ झाली की हरकत पहिल्याच परिच्छेदात कोसळते.

स्वच्छतागृह वारसा होऊच शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्यूट बेटावरचे रॉथसे पाहावे. तिथल्या धक्क्यावरचे १८९९चे व्हिक्टोरियन स्वच्छतागृह अजून वापरात आहे. काचेच्या बाजू असलेल्या टाक्या, चकचकीत तांब्याच्या नळ्या, रंगीत फरश्या. ते पाहण्यासाठी लोक आगबोटीने येतात आणि पैसे देऊन आत जातात.

हिशेबनीस
रॉथसेचे उदाहरण सुंदर आहे आणि इथे निरुपयोगी आहे. ओसरी यांच्या गावी तांब्याच्या नळ्या नाहीत, कुलूप आणि कोळिष्टके आहेत. अपवादात्मक वास्तूकडे बोट दाखवून सामान्य वास्तू वाचवायला गेलो, तर अधिकारी शांतपणे लिहितात की ही तशी नाही, आणि आपण आपल्याच युक्तिवादाने हरतो.

रातवा
अजून कोणी वटवाघळांचा विषय काढला नाही, म्हणून मी काढतो. मातीची कौले, बंद इमारत, दिवा नाही, शेजारी चर्च आणि झाडे हे वटवाघळांना मानवणारे वर्णन आहे. पिपिस्ट्रेल ही इथली नेहमी दिसणारी जात इतकी लहान असते की अंगठा मावेल एवढ्या फटीतून आत जाते. वटवाघळे आणि त्यांची वसतिस्थाने यांना कायद्याने संरक्षण आहे. त्या वेळी वटवाघूळ आत नसले, तरी वसतिस्थान नष्ट करणे गुन्हा ठरतो. आधी प्राथमिक पाहणी होते, आणि खुणा सापडल्यास संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजणी करतात. ती मे ते सप्टेंबर या काळातच होऊ शकते. पाकोळ्यांची किंवा इतर पक्ष्यांची वापरातली घरटी असतील, तर तीही मोडता येत नाहीत.

हिशेबनीस
रातवा, माहिती बरोबर आहे, परंतु दर वेळी हरकत घेणाऱ्यांना वटवाघळे नेमकी अर्ज आल्यावरच दिसू लागतात, याचा कौन्सिलवर बसणाऱ्यांना कंटाळा येतो.

रातवा
तक्रार रास्त आहे. वटवाघळांमुळे पाडकाम सहसा थांबत नाही. त्याची वेळ आणि पद्धत बदलते, काही वेळा परवाना घ्यावा लागतो. ओसरी यांनी 'इमारत वाचवा' म्हणून हा मुद्दा मांडू नये. पाहणी झाली आहे का, एवढेच विचारावे.

अनभिज्ञ
मधला मार्ग म्हणून समोरची भिंत आणि ते कोरीव दगड ठेवून मागचा भाग पाडता येणार नाही का?

कलम_कागद
चांगला प्रश्न आहे आणि त्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सचा १९९७चा निवाडा आहे: शिमिझू विरुद्ध वेस्टमिन्स्टर. त्यात ठरले की 'पाडणे' म्हणजे संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण इमारत नाहीशी करणे. त्याहून कमी असेल तो फेरबदल. म्हणजे भिंत ठेवली की मामला वेगळ्या नियमांत जातो. परंतु मोटारींच्या तोंडाशी उभी असलेली एकटी भिंत कोणाच्या उपयोगाची, हे मला कळत नाही. ओसरी, नाइलाज झालाच तर कोरीव दगड जपून काढून गावात बसवावेत अशी अट मागा, मात्र ती मागणी हरकतीच्या अगदी शेवटी ठेवा. सुरुवातीलाच लिहिली तर तडजोड मान्य आहे, असा अर्थ निघतो.

आता मुख्य मुद्दा. राष्ट्रीय नियोजन धोरणात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. संवर्धन क्षेत्राच्या महत्त्वात भर घालणारी इमारत गेली, तर ती त्या क्षेत्राची हानी मानली जाते आणि तिची तुलना सार्वजनिक लाभाशी करावी लागते. मालकाने जाणूनबुजून हयगय केल्याचा पुरावा असेल, तर इमारतीची खालावलेली अवस्था निर्णयात विचारात घ्यायची नाही. आणि पाडल्यानंतर तिथे जे होणार आहे ते खरोखरच होईल, याची वाजवी खातरी करून घेतल्याशिवाय वारशाचे नुकसान होऊ द्यायचे नाही. तुमची हरकत याच तीन खुंट्यांवर टांगा. यांपैकी हयगयीचा आरोप मात्र सांभाळून करा. पैसे नसल्यामुळे पन्हळ साफ न होणे आणि पाडता यावे म्हणून ती साफ न करणे यांत फरक आहे, आणि दुसरे सिद्ध करणे फार कठीण असते.

पायवाट
हयगयीचा मुद्दा मी तर गाळूनच टाकीन. निर्णयानंतरही त्याच नऊ माणसांबरोबर गावात राहायचे आहे.

ओसरी
सर्वांचे आभार. काल पावसात जाऊन आले. गवंडीकाम यांनी लिहिले तसेच दिसले: उत्तरेकडची पन्हळ मातीने भरलेली, तिच्यात गवत उगवलेले आणि पाणी काठावरून भिंतीवर ओघळत होते. हिरवळीकडची भिंत मात्र कोरडी होती. विटांच्या पुढे आलेली सिमेंटची दरज फक्त खालच्या काही थरांत आहे. फोटो तारखेसह काढले आहेत.

हरकतीचा मसुदा असा आहे. पहिल्या भागात, इमारत चर्चची भिंत आणि शाळा यांच्यामधला कोपरा बंद करते आणि ती गेल्यास हिरवळ थेट मोटारींसमोर उघडी पडते, हे फोटोंसह. दुसऱ्या भागात, लाभ म्हणून दाखवलेल्या मोटारींच्या जागा नकाशाप्रमाणे चार आहेत. परंतु आत येण्याच्या रस्त्यासाठी सध्या कडेला असलेल्या दोन जागा काढाव्या लागतात, म्हणजे प्रत्यक्ष वाढ दोनच. तिसऱ्या भागात पायवाट यांचा सोयीचा मुद्दा. चौथ्यात फक्त प्रश्न: मर्यादित दुरुस्तीचा वेगळा अंदाज घेतला का, त्यात व्यवसायदर धरला आहे का, ॲस्बेस्टॉस आणि वटवाघळे यांची पाहणी झाली का. हयगयीचा आरोप ठेवलेला नाही. दगडांची अट शेवटच्या ओळीत आहे.

खडूस_काका
दुसरा भाग पहिला करा. दोन मोटारींसाठी सार्वजनिक इमारत पाडायची, हे वाक्य अधिकाऱ्याला चहा पिता पिता कळेल. कोपरा बंद होणे कळायला त्याला तिथे यावे लागेल. आणि रुंद दाराचा माझा मुद्दा विसरू नका. आतली मधली भिंत काढून चाकाच्या खुर्चीसाठी एकच मोठी खोली होत असेल, तर इमारत राखण्याला मीही पाठिंबा लिहून पाठवतो.

गवंडीकाम
काकांची सूचना व्यवहार्य आहे. मधली भिंत छपराचा भार घेते का, ते आधी पाहावे लागेल. आढ्याच्या लाकडाचा फोटो असेल तर इथे टाका.

हिशेबनीस
मसुदा माझ्या कौन्सिलपुढे आला असता, तर मला चौथ्या भागाची उत्तरे द्यायला जड गेले असते. एक करा: पाठवण्यापूर्वी त्याची प्रत तुमच्या चिटणीस बाईंना द्या आणि पुढच्या सभेत जनतेसाठी राखून ठेवलेल्या वेळात बोलण्याची परवानगी मागा. आकडे आधी हातात पडले, तर सदस्यांना अर्ज मागे घेण्याची वाट मोकळी राहते.

ओसरी
काका, भागांचा क्रम बदलला. हिशेबनीस, सभा गुरुवारी आहे आणि हरकतीची मुदत त्यानंतर संपते, त्यामुळे प्रत आजच देते. आत जाण्यासाठी किल्ली मागितली आहे, ती मिळाली की आढ्याचा फोटो टाकते.